चहापाण्यातलं पाणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. आत्तापर्यंत कोणी कारखान्याबद्दल बोललं, कोणी परदेशातल्या मुलांबद्दल. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, शेलूच्या घरी आम्ही चहा चाखतो. पितो तर सगळेच. आम्ही चाखतो, क्रमांक लावतो आणि त्यावरून भांडतोही.

आपण १९७९ साली एस.एस.सी. झालो. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड व्हायला आणखी दोन वर्षं होती. पुढे मी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या आणि १९८४ मध्ये मस्जिद बंदरच्या एका चहाच्या पेढीत चिकटले. शेलूहून लोकलने दोन तास जायला, दोन तास यायला. सदतीस वर्षं. काही जणींना वाटतं की मी तिथे चहा चाखायचे. नाही हो, मी चाखणाऱ्याचे शेरे टाइप करायचे.

पण ते चाखणं रोज बघत होते. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर झाकणाचे पांढरे पेले आणि पांढऱ्या वाट्या. चहा तोलून घ्यायचा, उकळतं पाणी ओतायचं, घड्याळ लावायचं. या कामाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८० पासून ठरलेलं आहे : शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं. दूध-साखर नाही, आपल्याकडच्या बाजारासाठी हवं तर नंतर दूध घालून पुन्हा बघतात. मग साहेब चमच्याने घोट उचलायचे आणि असा काही फुर्रकन ओढायचे की बाहेर बसलेल्या आम्हाला ऐकू यायचं. आपल्यापैकी कोणी पंगतीत असा आवाज केला असता तर पाठीत धपाटा बसला असता. त्या आवाजाला कारण आहे. जोरात ओढल्यावर चहाचा बारीक फवारा होऊन सगळ्या जिभेवर पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं. घोट पिकदाणीत थुंकायचा, एक शब्द बोलायचा आणि पुढचा पेला. ते शब्द कारकून लिहून घ्यायचा आणि मी टाइप करायचे. अमुक चहाला अंग आहे, तमुक मवाळ आहे, याला झळाळी नाही, हा जळका आहे. हजारो वेळा टाइप केले असतील. म्हणजे नेमकं काय, हे मात्र निवृत्त झाल्यावरच करून बघायला सवड मिळाली.

निमित्त घरातल्या भांडणाचं. चहाच्या डब्याच्या बाबतीत आपली माणसं किती कट्टर असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणाकडे सोसायटी, कोणाकडे सपट, कोणाकडे गिरनार, कोणाकडे वाघ बकरी. पक्ष बदलेल, पण चहाचा डबा बदलणार नाही. आमच्या ह्यांचा एक डबा, माझ्या धाकट्या भावाचा दुसरा. एका रविवारी मी पाच पुड्या आणल्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या, पेल्यांच्या बुडाला क्रमांक चिकटवले आणि सगळ्यांना बसवलं. मधूनमधून तोंड स्वच्छ करायला कुरमुरे. कोणालाही आपला डबा ओळखता आला नाही! ह्यांनी स्वतःच्या चहाला चौथा क्रमांक दिला आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

यात त्यांचा दोष नाही. पाकिटातला चहा एका मळ्याचा नसतोच. अनेक मळ्यांचे चहा मिसळून तीच चव वर्षभर टिकवणं, हेच तर त्या फुर्रवाल्या साहेबांचं काम. शिवाय आपण पितो तो बहुतेक सगळा सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, वळून केलेला दाणेदार चहा. ते यंत्र १९३० च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी काढलं. पान असं फोडलं की रंग आणि तुरटपणा झटकन उतरतो, आणि दूध घातलं तरी चहा उभा राहतो. दुधातलं प्रथिन चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. जाड दाण्याला बाजारात मामरी म्हणतात. तिचा रंग सावकाश उतरतो. बारीक भुकटी क्षणात काळीभोर होते, म्हणून टपरीवाल्याला ती परवडते. घरी दोन्ही शेजारी ठेवून बघा. फरक डोळ्यांनीच कळतो, चाखायचीही गरज नाही.

मग चटक लागली. आपली पुण्याची मैत्रीण (हो, तूच, हसू नकोस) दार्जिलिंगचं पाकीट घेऊन आली. भौगोलिक उपदर्शनाची मोहोर भारतात सर्वांत आधी मिळाली ती या चहाला. उकळायचा नाही, नुसतं गरम पाणी ओतून तीन मिनिटं ठेवायचा. मला तर त्यात फुलाफळांचा वास आला. भाऊ म्हणाला, "ताई, हे फुलं धुतलेलं पाणी आहे." वहिनी उटीला गेली होती, तिने निलगिरीचा आणला. स्वच्छ, हलका, वासाचा. परसातला गवती चहासुद्धा रांगेत ठेवला. तो खरं म्हणजे चहाच नव्हे, गवत आहे, आणि त्याचा वास लिंबाच्या सालीतल्याच द्रव्याचा. पाती आधणात सुरुवातीला टाकून खळखळ उकळली तर तो वास वाफेबरोबर निघून जातो. शेवटी टाकून झाकण ठेवावं. माझ्या सासूबाई असंच करायच्या. त्यांना द्रव्याचं नाव माहीत नव्हतं, झाकणाचं महत्त्व माहीत होतं.

हे सगळं गमतीचं. पण मला सांगायचं आहे ते पुढे सुरू होतं.

वहिनीच्या लक्षात आलं की तोच डबा, तेच दूध, तेच हात असूनही तिच्याकडचा चहा आणि माझ्याकडचा चहा वेगळा लागतो. मी आता स्टेशनजवळच्या इमारतीत राहते. आम्हाला बोअरवेलचं पाणी, कमी पडलं की टँकर. भाऊ राहतो गावात, आमच्या जुन्या घरी. तिथे नळ आलेला आहे. माझ्याकडचा कोरा चहा पाच मिनिटं ठेवला की त्याच्यावर तेलकट दिसणारी साय धरते आणि पेल्याला आतून तपकिरी वळं पडतं. मला वाटायचं, पावडर हलकी असेल. वहिनी म्हणाली, "तुमच्या पाण्यात डाळ शिजते का हो नीट?" शिजत नाही. साबणाला फेसही येत नाही. आपल्या आया पाणी ओळखायच्या ते याच दोन खुणांवरून.

त्या सायीचा अभ्यास झालेला आहे. १९९३ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या दोन रसायनतज्ज्ञांनी ती गोळा करून तपासली. पाण्यात विरघळलेला चुना आणि चहातली द्रव्यं हवेच्या संपर्कात एकत्र येऊन ती धरते. लिंबाचे थेंब टाकले की धरत नाही. आपण बसलो आहोत तो सगळा काळ्या कातळाचा मुलूख. खोल गेलेलं पाणी त्या कातळात मुरत राहतं आणि क्षार घेऊन वर येतं.

मग आम्ही पावडर एकच ठेवली आणि पाणी बदललं. माझ्या इमारतीचं बोअरचं पाणी, तेच यंत्रातून गाळलेलं, भावाचा नळ, मुलुंडच्या मैत्रिणीने बाटलीतून आणलेलं मुंबईचं तलावाचं पाणी, आषाढात पत्र्यावरून न घेता उघड्या पातेल्यात धरलेलं पावसाचं पाणी, आणि घरामागच्या आमच्या विहिरीचं. सहा पेले. अहो, सहा वेगळे चहा झाले! बोअरचा काळपट, मंद. यंत्रातून गाळलेल्याचा रंग सुरेख, पण तोंडात काहीच राहीना. सदतीस वर्षं टाइप केलेला "अंग नाही" हा शेरा मला त्या घोटाला समजला. पावसाचा लालबुंद, झळाळता, थोडा धारदार. मुंबईचा छान, नळाचाही बरा. आणि विहिरीचा सगळ्यांच्या कागदावर सहावा. कुजक्या पानांचा वास.

भावाचा चेहरा पडला. ही विहीर आमच्या आजोबांनी खणून दगडांनी बांधून काढली. आपल्यातल्या काही जणांनी तिच्यावर पोहऱ्याने पाणी काढून प्यायलेलं आहे, शाळेतून येताना. नळ आल्यापासून तिला कोणी विचारलं नव्हतं. जांभळाची पानं पडायची, तळाला गाळ. लहान मुलं खेळतात म्हणून धास्ती. आजूबाजूला इमारती उठतायत, जागेला भाव आलाय. ती बुजवायची आणि तिथे गाडी लावायची, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. सहाव्या क्रमांकाने त्यावर शिक्काच बसला.

पण मला पेढीतली एक गोष्ट आठवली. साहेब सांगायचे की थॉमस लिप्टन प्रत्येक गावच्या पाण्याला साजेसं मिश्रण करून चहा विकायचा आणि जाहिरातही तशीच करायचा. आणि त्याच्याही आधी, आठव्या शतकात, चीनमधल्या लू यू नावाच्या माणसाने चहावर ग्रंथ लिहिला, त्यात पाण्याचे क्रमांक लावले आहेत. डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. भाऊ म्हणाला, "बघ, चिन्यालाही कळलं होतं." पण लू यूने पुढे एक अटही घातली आहे. विहिरीचंच घ्यायचं असेल तर जिच्यातून पुष्कळ पाणी उपसलं जातं अशा विहिरीचं घ्यावं.

ही अट माझ्या भाच्याने मनावर घेतली. मे महिन्यात त्याने पंप लावून विहीर उपसली, तीन माणसं उतरवून गाळ काढला, वर जाळी बसवली, आणि बागेला रोज त्याच पाण्याचा फेर सुरू केला. पावसाळा गेल्यावर पाणी तपासून घेतलं. (हे करायचंच. उकळतो आहोत म्हणून कुठलंही पाणी घेऊ नका.) दिवाळीनंतर पुन्हा सहा पेले मांडले. नऊ जण होतो. सात जणांनी विहिरीच्या पेल्याला पहिला क्रमांक दिला. त्यात भाऊ होता, आणि आमचे हेसुद्धा. रंग पावसाच्या पाण्यासारखा, आणि अंगही होतं.

आता पुढचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही विहिरीची जाहिरात करते. यंदा मे महिन्यात पुन्हा चाखला. पाणी खाली गेलं होतं, चव जड झाली होती, विहीर तिसऱ्या क्रमांकावर घसरली. पावसाळ्यानंतरची विहीर आणि वैशाखातली विहीर यांत एवढा फरक असतो हे आमच्या आजीला माहीत असणार. मला साठी उलटल्यावर कळलं.

विहिरीचा निकाल अजून लागलेला नाही. भाऊ म्हणतो, "ताई, चहासाठी विहीर राखणारा मी तालुक्यात पहिलाच ठरेन." गाडीच्या जागेचं माप काढलेला कागद कपाटात तसाच आहे. बुजवायचं म्हटलं तर चार ट्रक माती पुरते, आणि मग ती पुन्हा खणायला कोणी येणार नाही, हे त्यालाही कळतं. माझी बाजू मी मांडली आहे, पण घर त्याचं आहे, मुलांची काळजीही त्याचीच आहे, म्हणून जास्त ताणत नाही. नातू मात्र रोज संध्याकाळी फेर चालू करायला विसरत नाही.

तुमच्यापैकी कितीजणांच्या परसात अशी विहीर आहे, हे मला जेवताना विचारायचं आहे. नेरळ, कर्जत, वांगणी, जिथून कुठून आला असाल तिथून. बुजवली असेल तर कधी, आणि आहे तर शेवटचं पाणी कधी काढलं.

तोपर्यंत एक काम. मागच्या टेबलावर तीन थर्मास ठेवले आहेत. पावडर एकच, तोलून घातलेली, सहा मिनिटं घड्याळ लावून. पाणी तीन ठिकाणचं. दूध आणि साखर वेगळी ठेवली आहे, पण पहिला घोट कोराच घ्या, आणि आवाज करून घ्या. आज बाईंसमोर परवानगी आहे. बाई, तुमचा पेला मी जागेवर आणून देते, तुम्ही उठू नका. सर, तुम्हाला साखर मना आहे हे मला कळलंय, तेव्हा तुमचा निकाल सगळ्यांत विश्वासाचा. आवडलेला क्रमांक चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाका. नाव लिहायची गरज नाही, अक्षर मला सगळ्यांचं ओळखता येतं.