पालखीसुद्धा विसाव्याला थांबते

दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला म्हणाले. आम्ही चौथी शिकलेले, शेतातलं आणि वारीतलंच बोलणार.

हल्ली डाळजात कुणालाही विचारा, दम नाही म्हणतो. रात्री लाईट आली की मोटार चालू करायला पळायचं, पहाटे धारा काढून दूध डेअरीला, दिवसा ऊसतोडीच्या मागं, मध्येच फोन. पंचविशीतलं पोरगं म्हणतं, काही करूच वाटंना झालंय. ह्याला आळस म्हणू नका. बैल दमून बसला तर आपण औत सोडतो, त्याला आळशी म्हणत नाही.

पालखीचं बघा. नारायण महाराजांनी १६८५ साली सोहळा सुरू केला. देहूहून पंढरी गाडीनं एका दिवसाची वाट, पण पालखी अठरा-एकोणीस दिवस घेते. पुण्यात दोन रात्री मुक्काम. काटेवाडीला धोतराच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण. पुढं बेलवाडीला अश्व धावतात. पण वाटेनं दिंडी चालते ती डोईवर तुळस घेतलेल्या म्हातारीच्या चालीनं. जेवण, विसावा ठरलेला. पंढरीची ओढ कुणाला कमी असती का?

रानाचंही तेच. पाणी दिलं की वापसा येईपर्यंत आपण औत घालत नाही. ओल्यात घातलं तर अशी ढेकळं निघतात की कुळवानंही फुटत नाहीत. १९८० साली उजनी झाली, पाणी आलं. मग उसावर ऊस, पाण्यावर पाणी. अशानं चांगली काळी रानं चोपण होतात. मधी ताग नाहीतर हरभरा करून बेवड राखणाऱ्याला शेजारी हसतात, वर्ष वाया घालवलं म्हणून. पुढच्या उसाला तेच शेजारी बांधावर येऊन बघतात.

आणि वीणा. सप्ताहात सातही दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पण उभा राहणारा एकटा नसतो. पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात वीणा द्यायची, एकमेकांच्या पाया पडायचं, आणि पहिल्यानं जाऊन निवांत झोपायचं. तो झोपला म्हणून नेम मोडला असं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडं मात्र दोन वर्षं रात्रीचे दोन्ही पहारे एकच सत्तरीतले बाबा करतायत. ते नको म्हणणार नाहीत. पहाऱ्याची वही मंडपात खांबापाशी ठेवलीय. दोन ते चारचा रकाना रिकामा आहे.