कुणीतरी विचारलं असेलच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी संगणक अभियंता. मानसशास्त्र आवडीनं वाचते, इतकंच.

गणिताचे सर प्रमेय सोडवून "समजलं का?" विचारायचे आणि आपण एका सुरात "होऽऽ" म्हणायचो. मला निम्म्या वेळा काही कळलेलं नसायचं. पण बाकी सगळ्यांना कळलंय, आपणच ढ, असं वाटून हात वर होत नसे. परवा ग्रुपवर विचारलं, तर पहिल्या बाकावरचे हुशारही म्हणाले, "आम्हाला तरी कुठं कळत होतं!"

बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा एक प्रयोग आहे. फॉर्म भरायला बसवलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीत धूर सोडला. एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोघांना मुद्दाम गप्प बसवलं, तेव्हा गेले फक्त १० टक्के. बाकीचे खोकत, डोळे चोळत फॉर्म भरत राहिले! हसू येतं ना? मलाही आलं. मग दुसरा बाक आठवला.

नववीत दिवाळीची सुट्टी संपली आणि माझ्या शेजारची मैत्रीण आलीच नाही. लग्न झालं, अशी कुजबुज होती. चौदा वर्षांची होती ती. कुणी काही बोललं नाही, म्हणून मीही बोलले नाही. वाटलं, कुणीतरी विचारलं असेलच. पंधरा दिवसांत त्या जागी दुसरी मुलगी बसायला लागली.

मागच्या वर्षी या मेळाव्यासाठी ग्रुपवर टाकलं, "तिचा पत्ता कुणाला माहीत आहे का?" सगळ्यांनी वाचलं, उत्तर एकाचंही नाही. आमच्या कामातही हेच. सगळ्या टीमला 'कुणीतरी बघा' अशी मेल पाठवली की कुणीच बघत नाही. एकाचं नाव घालून पाठवली की तासाभरात उत्तर. म्हणून एकीलाच फोन केला. दुसऱ्या दिवशी नंबर मिळाला.

ती इथून तासाभराच्या अंतरावर राहते. आवाज लगेच ओळखला तिनं. म्हणाली, "तुझी भूमितीची वही माझ्याकडंच राहिली होती गं. वाटायचं, वही न्यायला तरी येशील."

आमची घरं तीन गल्ल्यांवर होती.