उमलू द्या ती अळमी

(पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तरणा पाऊस लागला की वाळपई-धारबांदोड्याच्या रस्त्यांवर पानांच्या पुड्या घेऊन बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. गेल्या पावसाळ्यात अशीच एक पुडी मी उघडली. आत टोकदार डोक्याच्या, देठाला तांबडी माती लागलेल्या कळ्या. एकही छत्री उघडलेली नव्हती. "फुल्लिल्लीं कोण घेता?" बाई म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं, भाव कळीलाच मिळतो. या कळीबद्दलच मला आज बोलायचंय.

ही रोयणीवरची अळमी. शास्त्रातलं तिचं नाव टर्मिटोमायसिस. रोयण म्हणजे वारूळ, आणि वारुळात वाळवी अक्षरशः शेती करते. कामकरी वाळवी सुका पाला, काटक्या खाऊन अर्धवट पचलेल्या चोथ्याचे स्पंजासारखे गोळे रचते. त्यांवर ही बुरशी वाढते, लाकडाचा कठीण भाग फोडते, आणि वाळवीला पचेल असं अन्न तयार होतं. हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. वारूळ नाही तर अळमी नाही. म्हणूनच धिंगरीसारखी ती पिशवीत पिकवून विकता येत नाही.

आता नीट ऐका. पावसाच्या सुरुवातीला पंखवाली वाळवी उडते, जोड्या जमतात, जमिनीखाली नवं घर मांडलं जातं. पण बहुतेक जातींत राजाराणी बुरशीचं बियाणं बरोबर नेत नाहीत. त्यांची पहिली कामकरी पिल्लं मोठी होऊन बाहेर पडतात आणि रानातून अळमीचे बीजाणू गोळा करून आणतात. ते बीजाणू उमललेल्या छत्रीखालच्या पातळ पडद्यांतूनच गळतात. कळ्या सरसकट खुडल्या, तर त्या नव्या घराने पेरायचं काय? आपल्याकडे बियाण्याचं भात उपाशी पोटीही कुणी कांडत नसे.

त्यात कुदळीने रोयण फोडणारे आहेत, खाणी आहेत, रस्ते आहेत. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत कायद्याने अळमी काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सातेरीच्या देवळात आपण रोयणीलाच हात जोडतो. रानातली रोयणही तीच. पण त्या बाईंना मी दोष देणार नाही. भर पावसात घरात रोख पैसा येतो तो या पुडीतून. कळी मागणारे आपण आहोत.

मी त्यांना म्हटलं, रानात उमललेली आणा, कळीचाच भाव देईन. पुढच्या रविवारी त्यांनी वेगळी पुडी राखून ठेवली होती. छत्र्यांच्या कडा फाटलेल्या, अंग थोडं मऊ पडलेलं. घरी शागुती केली. चवीत काही उणं नव्हतं. पुडीच्या पानावर मात्र फिकट गुलाबी पूड उतरली होती. ते पान मी दुसऱ्या दिवशी रानात नेलं आणि पालापाचोळ्यावर पालथं ठेवून आलो.