फाळ झिजला म्हणून नांगर मोडीत काढायचा का?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाची चर्चा सोडून मोबाईलच्या बॅटरीचे काय काढले, असे कोणी विचारील. तर आधी हिशेब ऐका. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी आपण आपल्याच मोबाईलवर करतो. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' अॅपवर नोंदणी लावली. ओटीपी येतो तोही मोबाईलवरच. म्हणजे सातबाऱ्यावर कापूस, ज्वारी लागायची की रकाना कोरा राहायचा, हे खिशातल्या फोनच्या दमावर आले. आणि हा फोन नेमका भर दुपारी बांधावर मान टाकतो.

आपल्या घरी हा फोन येतो कुठून? पुष्कळ घरांत तो ठाणे, कल्याण नाहीतर डोंबिवलीहून येतो. कोरडवाहू गावांतली पोरे पोटासाठी तिकडे गेली. दोन-तीन वर्षांनी पोरगा नवा फोन घेतो आणि जुना बापाला धाडतो. काच शाबूत, आवाज चांगला, फक्त चार्जिंग टिकत नाही. शहराने दमवलेला बैल गावच्या औताला जुंपावा, तशी ही गत आहे.

तिकडे फोन दमतो कसा, तेही पाहू. कल्याण ते मुंबई पन्नास किलोमीटरच्या वर अंतर. जाता-येता तीन तास गाडीत. गाडी पळते तसा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. विदर्भ-मराठवाड्यातून येणारी मेल गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की रेंज जाते, हे आपणही पाहिले आहे. रेंज क्षीण झाली की फोन जास्त जोर लावून टॉवर शोधतो आणि बॅटरी खातो. वर पडद्याचा उजेड पुरा, कानात गाणी, रेल्वेचे तिकीटही फोनमध्येच. टीसीसमोर फोन बंद पडला, तर तिकीट काढूनही माणूस विनातिकीट ठरतो. म्हणून पोरगा सकाळी घरी भरतो, दुपारी कामावर पुन्हा भरतो.

फोनचा दम काय कामाचा, हे त्या भागाने १२ ऑक्टोबर २०२० ला पाहिले. कळवा आणि पडघा ही ठाणे जिल्ह्यातली मोठी वीज उपकेंद्रे. त्यांच्यामधल्या वाहिन्या बंद पडल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. तो कोरोनाचा काळ. अत्यावश्यक सेवेतली माणसे गाडीत अडकलेली, पोरांची शाळा मोबाईलवर, घरात दुखणाईत माणूस. बॅटरीत जीव होता त्यांचा घराशी बोल राहिला.

आता मूळ मुद्दा. बॅटरी म्हणजे विहीर समजा. नवी विहीर पन्नास फूट. वर्षागणिक तळाला गाळ साठतो. पाणी काठाला लागले की फोन म्हणतो १०० टक्के. खोटे बोलत नाही तो. विहीर भरलीच आहे, पण ती आता चाळीसच फूट उरली आहे. फोनची लिथियम बॅटरी साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण भरली की मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. अर्धी अर्धी दोनदा भरली तरी ती एकच भरणी धरतात. रोज एक भरणी धरली, तर दीड ते सव्वादोन वर्षांत तिचे वय झाले. पोरगा फोन धाडतो तो नेमका याच सुमारास!

गाळ भराभर साठवणारी गोष्ट म्हणजे ऊन. ३५ अंशांच्या वर बॅटरीचे कायमचे नुकसान होऊ लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. म्हणून फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवू नका. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. तापला तर सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये किंवा गार पाण्याजवळ नेऊ नका. रोजचा वापर २० ते ८० टक्क्यांत ठेवला, तर बॅटरी जास्त टिकते. शेतात रेंजच नसेल, तर फोन विमान मोडवर टाका. पडद्याचा उजेड कमी करा. सेटिंगमध्ये 'बॅटरी' या सदरात कोणते अॅप किती खाते ते दिसते. फुकट खाणारे काढून टाका. पीक पाहणीला मात्र पूर्ण भरलेला फोन घेऊन, ऊन चढण्याआधी जा.

पॉवर बँक घेणार असाल, तर हेही ऐका. डब्यावर १०,००० लिहिले म्हणून ५,००० चा फोन दोनदा भरत नाही. वाटेत गळती होते. सव्वा ते दीड वेळा भरला तरी पुष्कळ.

आता पैशाचा हिशेब. ५,००० ची बॅटरी चाळीस वेळा भरली तेव्हा कुठे एक युनिट वीज जाते. वर्षाकाठी नऊ-दहा युनिट. वीज महाग पडत नाही. महाग पडतो तो बॅटरी थकली म्हणून घेतलेला नवा फोन. नव्या बॅटरीला त्याच्या किमतीचा थोडाच भाग लागतो. फाळ झिजला तर आपण लोहाराकडे जातो, नांगर मोडीत काढत नाही. पूर्वीच्या साध्या मोबाईलचे झाकण नखाने उघडायचे आणि बॅटरी बदलायची. आता कंपन्या ती डिंकाने चिकटवून आत बंद करतात. फाळ नांगरालाच वितळवून जोडावा, म्हणजे दर वेळी नवा नांगर खपतो!

हे विधिलिखित नाही. युरोपात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० भरण्यांनंतरही ८० टक्के धरले पाहिजे, आणि त्या फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा नियम झाला. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. त्यावर माहिती मिळते. पण कंपनीला बांधून घेणारा नियम मिळाला पाहिजे. ज्या सरकारने शेतकऱ्याची नोंद मोबाईलवर नेली, त्याने मोबाईलचा सुटा भाग तालुक्याला मिळेल हेही पाहावे. ही मागणी या बैठकीच्या ठरावात घालावी, असे आम्ही सुचवतो.

तोवर आपल्या हातातले काम आपण करू. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर दुरुस्तीची दुकाने ओळीने आहेत, कंपन्यांची केंद्रेही आहेत. तालुक्याच्या गावी तसे मिळत नाही, मिळाले तरी माल कोणता याचा भरवसा नाही. बॅटरी फुगून पाठीचे झाकण उचलले असेल, तर तो फोन चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, पेट घेते. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, दुकानदाराकडेच द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर पोराला फोन लावा. दिवाळीला येताना जुना मोबाईल आणणार असशील, तर आधी तिकडेच त्याची बॅटरी बदल, बिल घे आणि मगच गाडीत बस, एवढे त्याला सांगा.