कानशिलाची धमनी आणि दृष्टीचें रक्षण

डोकेंदुखी ही इतकी परिचित व्याधि आहे कीं, घरोघरीं सुंठेच्या लेपावरच तिची बोळवण होते. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाचें कानशील पूर्वी कधीं नव्हतें असें दुखूं लागलें, केस विंचरतांना तेथें फणी लावून घेववेना, घास चावतां चावतां जबडा भरून आला, तर ती गोष्ट निराळी. कानशिलावरून जाणाऱ्या धमनीच्या भिंतीस दाह झाला असण्याचा संभव असतो. हाच दाह डोळ्याला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत पोहोंचला कीं त्यांचा मार्ग बुजतो व दृष्टि जाते. आणि अशी गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं.

हा रोग नवा नाहीं. १८९० सालीं लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनीं एका वृद्धाची हकीकत लिहिली. कानशिलावरील सुजलेल्या धमन्यांमुळें त्याला टोपी घालवत नसे. १९३२ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हॉर्टन व त्यांचे सहकारी यांनीं अशा धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला. पुढें पुष्कळ वर्षें तीच निदानाची कसोटी मानली गेली. मात्र दाह धमनीभर सलग पसरत नाहीं. मधून मधून निरोगी भाग राहतो. नेमका तोच हातीं लागला तर रोग असूनहि तो नाहीं असें ठरतें.

१९९७ सालीं बर्लिनचे डॉक्टर श्मिट आणि त्यांचे सहकारी यांनीं दुसरा मार्ग दाखविला. कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं, म्हणजे अल्ट्रासाउंडनें, धमनीचें चित्र घेतलें असतां रक्तप्रवाहाभोंवतीं काळसर कडें दिसतें. तीच सुजलेली भिंत. यंत्राच्या टोकानें दाबल्यावर निरोगी धमनी चित्रांतून नाहींशी होते, सुजलेलीचें कडें मात्र दिसतच राहतें. येथें सुई नाहीं, शस्त्र नाहीं. छातींतील महाधमनीसारख्या खोल भागासाठीं पेट स्कॅन उपयोगीं पडतो. शरीरांत सोडलेली किरणोत्सर्गी साखर दाह झालेली भिंत अधिक शोषून घेते. कुशल हात व चांगलें यंत्र असेल तेथें या रोगांत प्रथम अल्ट्रासाउंडच करावा, अशी शिफारस युरोपांतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनें २०२३ सालीं केली.

परंतु एक पेंच आहे. स्टेरॉइड जातीचें औषध सुरू होतांच दाह ओसरूं लागतो आणि त्याबरोबर चित्रांतील खूणहि पुसट होत जाते. म्हणून चित्र लवकर घ्यावें हें खरें. पण चित्रासाठीं औषध अडवून ठेवणें हें त्याहून घातक. संशय बळकट असल्यास डॉक्टर आधीं औषध देतात व मग कांहीं दिवसांच्या आंत चित्र घेतात. चित्राचा पुरावा मागाहून मिळूं शकतो, दृष्टि मिळत नाहीं.

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढें क्षणभर अंधार आला आणि जोडीला कानशील वा जबडा दुखत असला, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून श्रोत्यांनीं स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.