सतरा सालची पऱ्हाटी



यवतमाळला बायबल नवे नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९५३ साली इथेच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. मी मात्र शाळेतला चित्रकला शिक्षक. योएल या संदेष्ट्याचे नाव मी प्रथम ऐकले ते एका ख्रिस्ती सहकाऱ्याकडून. त्याला प्रार्थनागृहाच्या भिंतीसाठी 'पुनःस्थापना' या विषयावर चित्र हवे होते.

योएलच्या पुस्तकात टोळधाड येते. द्राक्षवेली जातात, अंजिराची साल सोलली जाते, फांद्या पांढऱ्या पडतात. पुढे देव आश्वासन देतो. खळी धान्याने भरतीलच, शिवाय टोळांनी फस्त केलेल्या वर्षांचीही भरपाई होईल. मी अडलो तो इथेच. पीक पुन्हा येते, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असते. पण वर्षे कशी परत यायची?

प्रसंग आपल्या मातीत आणायला हरकत नव्हती. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या ख्रिस्ती आश्रमात राहिलेल्या अँजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली होती. त्यासाठी टीकाही सोसली होती. म्हणून मी द्राक्षांऐवजी कापूस घेतला. फुटलेली बोंडे, भरलेली बैलगाडी, हसरी माणसे. चित्र छान झाले.

बाबांनी ते बराच वेळ पाहिले. म्हणाले, "यात सतराचं साल कुठं हाये?"

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या जिल्ह्यातला कापूस पोखरला. बोंड बाहेरून हिरवेगार, उकलले की आत कीड. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बाबांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरे सोडली. त्यानंतर पीक आले, पण ते साल घरातून गेले नाही. माझ्या चित्रात मात्र ते कधी आलेच नव्हते. बियाण्याच्या कॅलेंडरवर शोभावे, असे ते चित्र होते.

तेव्हा रेम्ब्रांटचे उधळ्या पुत्राचे चित्र आठवले. रेम्ब्रांटचे १६५६ मध्ये दिवाळे निघाले होते, १६६८ मध्ये मुलगा टायटस गेला. आयुष्याच्या अखेरीस रंगवलेल्या या चित्रात बाप मुलाला जवळ घेतो, पण मुलाचे कपडे फाटकेच आहेत, पायातला जोडा निसटला आहे. मुलगा घरी परतला आहे, आणि झालेले नुकसानही तिथेच दिसते आहे.

मी चित्र पुन्हा हाती घेतले. अर्ध्या भिंतीवर वाळलेली पऱ्हाटी आली, योएलच्या अंजिरासारखी पांढरट. गाडी राहिली, पण ती त्याच पऱ्हाटीतून वाट काढत येते. गाडीवानाचे हसू पुसले. त्याची नजर मागच्या धुऱ्याकडे वळवली.

गेलेली वर्षे चित्राने परत येत नाहीत. पण भरून पावल्याच्या आनंदात त्यांना जागा ठेवता येते, एवढे मला उमगले.

बाबांनी दुसऱ्यांदा पाहिले, तेव्हा पऱ्हाटीवर बोट ठेवले. म्हणाले, "आता हे आपलं वावर दिसते."