कान वाजायला लागल्यावरचे पहिले महिने



कान वाजतात म्हणून आलेला माणूस आवाजाबद्दल थोडं सांगतो आणि त्याच्या चढउताराबद्दल फार. 'सकाळी उठलो तेव्हा नव्हतंच डॉक्टर, दुपारी सुरू झालं, रात्री तर डोकं फुटायची वेळ आली. आणि परवा दिवसभर काही नाही.' विट्याचे यंत्रमागवाले असोत, कोरेगावचे शिक्षक असोत, सुरुवातीच्या महिन्यांत हाच हिशेब कानावर येतो. कुणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कुणाच्या कुकरची शिट्टी. एकसारखा आवाज असता तर कदाचित अंगवळणी पडला असता. पण हा रोज वेगळा, आणि प्रत्येक चढाला वाटतं, आता हे वाढतच जाणार. आज मी बोलणार आहे ते या चढउताराबद्दल. पुढे त्रास किती होणार, हे बऱ्याच अंशी या काळात लागलेल्या सवयींवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी धोक्याचं सांगतो. एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत एकदम कमी झालं, तर 'सुगी उरकू दे, मग बघू' म्हणू नका. त्यावर स्टेरॉईडचे उपचार असतात. ते जितके लवकर तितके बरे. दोन आठवडे उलटले की हाती फारसं काही राहत नाही. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झाला असेल, तरी लगेच दाखवा. आवाजाबरोबर ऐकणंही कमीजास्त होतं, कान दडपतो आणि गरगरतं, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. त्याची वाट वेगळी. क्षयासाठी अमिकासिनची इंजेक्शनं चालू असताना कान वाजू लागले तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, पण औषध आपल्या मनानं बंद करू नका. आणि कित्येकदा नुसता मळ असतो, पावसाळ्यात बुरशी असते. लसणाचं तेल, काडी, गाडीची चावी, यांतलं काहीही कानात घालू नका.

हे सगळं तपासून झालं, काही निघालं नाही किंवा श्रवणाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी एक खड्डा दिसला, अशा बहुसंख्य लोकांसाठी पुढचं बोलणं आहे.

आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मागाच्या खडखडाटानं, डॉल्बीनं किंवा वयानं गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपल्या बाजूनं संवेदनक्षमता वाढवतो, आणि मज्जातंतूंची जी सळसळ एरवी जाणवत नाही ती ऐकू येऊ लागते. ही सळसळ तुमच्याआमच्या सगळ्यांत आहे. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. कान वाजण्याचं माप घेतलं तर तो आवाज बहुधा ऐकू येण्याच्या सीमेपेक्षा जेमतेम काही डेसिबल वर भरतो. तोच आवाज एकाला झोपू देत नाही आणि दुसऱ्याला दिवसदिवस आठवत नाही. फरक आवाजाच्या तीव्रतेत फारसा नाही. मेंदूनं त्याला धोका मानलं की नाही, यात आहे.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावताना पाहा. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट, शेजारी कुणी पंढरपूरकडचा भोपळा घासतोय, आणि कारागीर तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवतो. तार छेडतो, मान तिरकी करतो, पुन्हा सरकवतो. त्या गलबल्यात त्याला तारेतला एक बारीक स्वर स्वच्छ ऐकू येतो. त्याच्या मागे उभ्या गिऱ्हाइकाला तो सांगूनही कळत नाही. वर्षानुवर्षं लक्ष तिथं लावून त्यानं ते कमावलेलं आहे. कान वाजणारा माणूस पहिल्या महिन्यांत नकळत हीच साधना करत असतो. सकाळी डोळे उघडले की आधी कान तपासतो, आहे का अजून? दार लावून, पंखा बंद करून बघतो. मोबाईलवर किंवा वहीत आजचे गुण लिहितो, काल ४, आज ७. महिनाभरात त्याचं लक्ष इतकं तयार होतं की बसस्टँडवरसुद्धा तो आवाज शोधून काढतो.

म्हणून माझी पहिली सूचना, ती वही बंद करा. तपासणीच्या वेळी ढोबळ सांगितलंत तरी डॉक्टरांना पुरतं.

मग चढउतार होतात ते कशानं? खुर्चीत बसलेल्या माणसाला मी दात घट्ट आवळायला सांगतो, मग मान एका बाजूला वळवायला सांगतो. पुष्कळांचा आवाज तिथल्या तिथं बदलतो, आणि चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं. जबड्याच्या आणि मानेच्या संवेदना मेंदूतल्या श्रवणाच्या पहिल्या ठाण्यावर येऊन मिळतात. दिवसभर खड्ड्यांतून दुचाकी हाकून मान आखडली की रात्री आवाज चढतो. गळीत हंगामात कारखान्यात रात्रपाळी लागली, झोप तुटली, की चढतो. सर्दीनं चढतो, घरातल्या भांडणानं चढतो. सांगलीच्या बाजारात काही वाटत नाही आणि जावळीतल्या वाडीवर मुक्कामाला गेलं की असह्य होतं, कारण तिथं त्याला झाकणारं दुसरं काही नसतं. यांतल्या कशानंही कान आणखी बिघडलेला नसतो. चढलेला आवाज बहुतेक वेळा काही तासांत किंवा काही दिवसांत उतरतो. हे माहीत असलेल्या माणसाला चढाची धास्ती कमी वाटते, आणि धास्ती कमी झाली की उतार लवकर येतो.

रात्र हा खरा कठीण भाग. निजायच्या खोलीत पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा चालू द्या, हळू आवाजात आकाशवाणी लावा, मोबाईलवर पावसाचा आवाज किंवा तंबोरा लावा. तंबोऱ्याच्या नादात वरचे स्वर भरपूर असतात, म्हणून तो मला विशेष आवडतो. मात्र लावलेला आवाज कानातल्या आवाजापेक्षा किंचित लहान ठेवा. पूर्ण झाकून टाकलात तर मेंदूला त्याची सवय व्हायला जागाच उरत नाही. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. सकाळी मात्र नेहमीच्याच वेळी उठायचं.

बाहेरच्या गोंगाटाचं तारतम्य ठेवा. ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर हे प्रमाण सहज ओलांडलं जातं. तिथं जाऊ नका, नातवाला तर नेऊच नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती पाळली जावी म्हणून बोलणाऱ्याला आपल्याकडं धर्मद्रोही ठरवतात, याचं मला फार दुःख होतं. मागावर, गिरणीत कानात इअरप्लग घाला. पण घरात, बाजारात, लग्नात दिवसभर ते घालून हिंडू नका. त्यानं मेंदू आणखी हळवा होतो.

औषधांचं थोडक्यात. नुसत्या कान वाजण्यावर खात्रीनं लागू पडणारी गोळी आज नाही. गिंको या वनस्पतीच्या अर्काची शिफारस अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत नाकारली आहे, बीटाहिस्टिन या गोळीची ब्रिटनमधल्या २०२०च्या मार्गदर्शिकेत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं पुष्कळांना आराम पडतो. त्रास कमी करण्यात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या मानसोपचाराला. मानसोपचार म्हटल्यावर 'म्हणजे मला वेड लागलंय का?' असं विचारणारे भेटतात. नाही. आवाज खरा आहे, त्याला लागलेली भीती उतरवायची आहे. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत कुणी पोचलं असेल तर वाट पाहू नका. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

घरच्यांशी दोन शब्द. 'एवढं काय त्यात' म्हणू नका. त्याला ऐकू येतंय ते तुम्हाला येत नाही. आणि रोज सकाळी चहाबरोबर 'आज कसा आहे आवाज?' असंही विचारू नका, कारण उत्तर द्यायला त्याला आत कान लावावा लागतो. त्याऐवजी त्याला कामाला जोडून घ्या, भजनाला न्या, संध्याकाळी बरोबर चालायला काढा. सहा महिन्यांनी, वर्षानं यातली पुष्कळ माणसं दुसऱ्याच कशासाठी तरी माझ्याकडं येतात. कानाचं मी विचारलं की थोडं थांबून म्हणतात, 'हो, आहे की. तुम्ही विचारलंत म्हणून ऐकू आलं.'